कोठार भरणारा वादक : ज्युलियन ब्रीम

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये १९४०च्या दशकात एक विद्यार्थी पियानो, चेलो आणि संगीतरचना शिकत होता. त्याला एक ताकीद देण्यात आली होती : गिटार घरी ठेवून यायचे, विद्यालयाच्या इमारतीत ती आणायची नाही. मुलगा उनाड नव्हता. बाराव्या वर्षी पियानोवादनासाठी शिष्यवृत्ती मिळवूनच त्याने त्या दारात पाऊल ठेवले होते. हरकत होती ती वाद्याला. गिटार म्हणजे नाचगाण्याच्या दिवाणखान्यातली, खानावळीतली वस्तू. अभिजात संगीताच्या पंगतीत तिला पाट नव्हता. तिचा अभ्यासक्रम नव्हता, शिक्षक नव्हता, परीक्षाही नव्हती.

ज्युलियन ब्रीम यांचे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. सतार-सरोदाच्या मैफलींना नियमाने जाणाऱ्या घरांतही गिटार म्हटले की चित्रपटगीते आणि महाविद्यालयातील संमेलने हीच आठवतात. परंतु ज्या वस्तूला बाजार नाही आणि जिचा साठाही जवळ नाही, अशा वस्तूची पेढी एखाद्याने आयुष्यभर कशी चालवली, हे पाहायचे असेल तर ब्रीम यांच्यासारखा माणूस क्वचितच सापडेल.

१५ जुलै १९३३ रोजी लंडनच्या बॅटरसी भागात त्यांचा जन्म झाला. वडील जाहिरातींची चित्रे काढून चरितार्थ चालवीत आणि हौस म्हणून जॅझ गिटार वाजवीत. रेडिओवर नृत्यसंगीत लागले की लहानगा ज्युलियन वडिलांची गिटार घेऊन त्याच्या जोडीने तारा छेडीत बसे. पुढे जॅझमधली स्वरसंगती कळेनाशी झाली तेव्हा एडी लँग या वादकाची शिकवणीची पुस्तके मिळवून तो स्वतःच धडे गिरवू लागला. अकराव्या वाढदिवशी वडिलांनी त्याला अभिजात पद्धतीची एक लहान गिटार आणून दिली. त्या काळी तिला तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या तारा असत. महायुद्धात ही तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली, बाजारात ती मिळेना, आणि त्या टंचाईतूनच न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा घडवल्या. आज जगभर अभिजात गिटारीवर त्याच प्रकारच्या तारा असतात. एका टंचाईने एक हिंसा कायमची मागे पडली, ही गोष्ट आपल्या वाचकांनी जाता जाता टिपून ठेवावी अशी आहे.

लंडनमध्ये गिटारप्रेमींची एक मंडळी होती, ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ गिटारिस्ट्स’. तिचे अध्यक्ष डॉ. बोरिस पेरॉट यांनी मुलाला काही धडे दिले. वडिलांनी त्याहून मोठी गोष्ट केली. त्यांनी त्या मंडळाच्या ग्रंथपालाचे काम अंगावर घेतले. यामुळे दुर्मीळ स्वरलिपींचा मोठा संग्रह मुलाच्या हाताशी आला. महागडे वाद्य विकत देणारे वडील पुष्कळ असतात. मुलाला वाचायला मिळावे म्हणून स्वतः कपाटांच्या किल्ल्या सांभाळत बसणारे थोडे. १७ फेब्रुवारी १९४७ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, चेल्टनहॅम येथे ज्युलियनची पहिली मैफल झाली. १९५१मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये त्याने वाजवले. त्या शहरात तरुण कलावंताची परीक्षा होते ती याच सभागृहात.

यानंतर सक्तीची लष्करी सेवा आली. प्रथम त्यांना सैन्याच्या पगारवाटप खात्यात घातले. हिशेबाच्या वह्या ओढण्यात बोटे वाया जातील हे ओळखून त्यांनी अधिक मुदतीची सेवा पत्करली आणि रॉयल आर्टिलरीच्या बँडमध्ये बदली करून घेतली. मुदत वाढली खरी. पण बँडचे ठाणे वुलिच येथे, म्हणजे लंडनच्या उंबरठ्यावर होते. तेथे पियानो, चेलो, नृत्यपथकात गिटार, जे पडेल ते ते वाजवीत आणि सवड मिळताच शहरात जाऊन कार्यक्रम करीत. सेवा संपल्यावरही चित्रपटांचे पार्श्वसंगीत, बीबीसीच्या नभोनाट्यांतील तुकडे, मिळेल ते काम त्यांनी नाकारले नाही. पुढे त्यांच्या अष्टपैलुत्वाची जी वाखाणणी झाली, तिचे मूळ या वर्षांत आहे. ते अष्टपैलुत्व हौसेचे नव्हते; पोट भरण्यासाठी पत्करलेली कामे हळूहळू एकमेकांच्या उपयोगी पडत गेली.

आता खरी अडचण पाहू. पियानोवादकाच्या मागे बेटोव्हेन आहे, शोपँ आहे. तीनशे वर्षांचा माल कोठारात भरलेला आहे. गिटारवादकाच्या मागे काय होते? एकोणिसाव्या शतकातील काही गोड रचना, स्पॅनिश नृत्ये आणि इतर वाद्यांसाठी लिहिलेल्या संगीताची रूपांतरे. स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया (जन्म १८९३) यांनी गिटारीला प्रथम मोठ्या सभागृहांत नेऊन बसवले आणि पोन्से, तुरिना, तोरोबा, कास्तेलनुओव्हो-तेदेस्को अशा रचनाकारांकडून नवे संगीत लिहवून घेतले. हे ऋण ब्रीम यांच्या पिढीवर आहेच. परंतु सेगोव्हिया यांची रुची एका मर्यादेत होती. स्वित्झर्लंडच्या फ्रँक मार्टिन यांनी १९३३मध्ये त्यांच्यासाठी चार लहान रचना लिहिल्या. त्या आधुनिक वळणाच्या होत्या, सेगोव्हिया यांनी त्या वाजवल्याच नाहीत. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेले हे काम ब्रीम यांनी उचलले, वाजवले, ध्वनिमुद्रित केले; आज ते विसाव्या शतकातील गिटारसंगीतात अग्रगण्य मानले जाते. दुसऱ्याने परत पाठवलेल्या मालाची पारख करणे हा धंद्यातला मोठा गुण आहे.

ब्रीम यांनी दोन दिशांनी कोठार भरायला घेतले. पहिली दिशा मागे जाणारी होती. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये ल्यूट नावाचे पोटाशी गोल, तंबोऱ्याच्या भोपळ्याची आठवण करून देणारे तंतुवाद्य घरोघर वाजत असे. जॉन डाउलंड (१५६३–१६२६) हा त्याचा थोर रचनाकार. ही परंपरा पुढे इतकी लोपली की १९५०च्या सुमारास ल्यूटची मैफल ऐकायला मिळणे दुर्मीळच होते. ब्रीम यांनी ल्यूट हाती घेतली, जुन्या हस्तलिखितांतील रचना वाचून काढल्या आणि आपल्या मैफलीचा अर्धा भाग ल्यूटला व अर्धा गिटारीला दिला. गायक पीटर पिअर्स यांच्यासोबत डाउलंडची गीते त्यांनी गावोगाव नेली. १९६०मध्ये ‘ज्युलियन ब्रीम कन्सॉर्ट’ हा वाद्यवृंद उभा करून एलिझाबेथच्या काळातील वाद्यमेळ पुन्हा ऐकवला. त्याच्या ‘अॅन ईव्हनिंग ऑफ एलिझाबेथन म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. पुढे ब्रीम यांच्या नावावर असे चार ग्रॅमी जमा झाले.

या कामावर पुढे टीकाही झाली. नंतरच्या पिढीच्या अभ्यासकांनी जुनी चित्रे आणि ग्रंथ पाहून दाखवले की त्या काळी ल्यूट बोटांच्या मांसल टोकांनी वाजवीत आणि तिची बांधणी हलकी असे. ब्रीम नखांनी, गिटारीच्या पद्धतीने वाजवीत आणि त्यांची ल्यूट जड बांधणीची होती. टीका शास्त्राला धरून होती, यात शंका नाही. मात्र ज्या श्रोत्यांच्या कानी डाउलंडचे नाव आणि ल्यूटचा सूर प्रथम पडला तो ब्रीम यांच्यामुळेच, आणि टीकाकारांपैकी कित्येक जण त्याच मैफलींतून या वाद्याकडे वळले होते. रस्ता पाडणाऱ्याच्या हातून वळणे थोडी वाकडी पडतातच.

दुसरी दिशा पुढे जाणारी, म्हणजे हयात रचनाकारांकडे जाऊन नवे लिहवून घेण्याची. हे काम दिसते तितके सोपे नाही. गिटारीवर एकच स्वर चार ठिकाणी मिळू शकतो, आणि डाव्या हाताची बोटे एका वेळी थोड्याच पडद्यांपर्यंत पोचतात. ज्याने हे वाद्य कधी हाती धरले नाही असा रचनाकार कागदावर सुंदर लिहितो आणि हाताला ते अशक्य ठरते. म्हणून पुष्कळ जण गिटारीच्या वाटेला जात नसत. ब्रीम त्यांना वाजवून दाखवीत, काय बसते नि काय बसत नाही ते समजावीत आणि छापण्यापूर्वी बोटांच्या खुणांसह स्वरलिपी तयार करीत. लेनॉक्स बर्कली यांची सोनातिना १९५७ची. माल्कम अर्नोल्ड यांचा गिटार कॉन्चेर्टो १९५९चा. विल्यम वॉल्टन यांनी प्रथम पिअर्स आणि ब्रीम या जोडीसाठी गीते लिहिली आणि पुढे एकट्या गिटारीसाठी ‘फाइव्ह बॅगटेल्स’ दिली. जर्मनीचे हेन्झे, इंग्लंडचे मायकेल टिपेट, जपानचे ताकेमित्सू, क्यूबाचे लिओ ब्रॉवर, अशी ही नावे चार देशांत पसरली. अॅलन रॉस्थॉर्न यांचे १९७१मध्ये निधन झाले तेव्हा ब्रीम यांच्यासाठी चाललेली ‘एलेजी’ अपुरी होती. ती ब्रीम यांनीच पुरी करून रसिकांपुढे ठेवली.

सगळेच सौदे जमले असे नाही. १९६५मध्ये टोरंटो येथे ब्रीम ल्यूट घेऊन इगॉर स्ट्राव्हिन्स्की यांच्यासमोर जाऊन बसले. त्या प्रसंगाचे चित्रण उपलब्ध आहे. विसाव्या शतकातला सर्वांत वजनदार रचनाकार वाकून ऐकतो आहे, आणि बत्तिशीच्या आतला हा वादक डाउलंड वाजवतो आहे, या आशेने की म्हाताऱ्याचे मन वळेल. स्ट्राव्हिन्स्की यांनी आस्थेने ऐकले. गिटारीसाठी त्यांनी काहीही लिहिले नाही. ब्रीम पुढच्या गावी मैफलीला गेले.

जे जमले त्यात सर्वांत मोलाचे म्हणजे बेंजामिन ब्रिटन यांचे १९६३मधील ‘नॉक्टर्नल’. त्याची थोडी ओळख करून घ्यायला हवी. मूळ धून डाउलंडच्या एका गीताची आहे. त्यात निद्रेला आर्जवाने बोलावलेले आहे. सर्वसाधारण रीत अशी की आधी मूळ धून ऐकवायची आणि मग तिची निरनिराळी रूपे खुलवायची. ब्रिटन यांनी क्रम उलटा केला. आठ रूपे आधी येतात : कुठे विचारात गढलेले, कुठे खवळलेले, कुठे अस्वस्थ, कुठे पाळण्यासारखे झुलणारे. झोप न येणाऱ्या माणसाची रात्र जशी कूस बदलत जाते तसे हे संगीत चालते. आठव्या रूपात खालच्या तारांवर एकच उतरती स्वरावली पुन्हा पुन्हा येत राहते, तबल्याच्या एकल वादनात लेहरा फिरत राहावा तशी, आणि तिच्यावर ताण चढत जातो. तो शिगेला पोचून विरतो आणि तेव्हा कुठे डाउलंडची मूळ धून साध्या रूपात उमटते. ज्याच्या सावल्या इतका वेळ दिसत होत्या तो माणूस शेवटी दारात येऊन उभा राहावा असे वाटते. १९६४च्या जूनमध्ये ऑल्डबरा येथील महोत्सवात ब्रीम यांनी ते प्रथम वाजवले. ब्रीम यांच्या दोन्ही दिशा, डाउलंड आणि विसावे शतक, या एका रचनेत एकत्र आल्या. ल्यूटवरचा डाउलंड त्यांनी आधी कानाकोपऱ्यांत नेला नसता तर ही रचना निर्माण झाली असती का, याचा विचार करण्यासारखा आहे.

त्यांच्या वादनाचे वैशिष्ट्य विचाराल तर ते रंगांत होते. उजवा हात घोडीजवळ नेला की गिटारीचा सूर धातूसारखा टणक होतो. ध्वनिछिद्राच्या वर आणला की गोड, गोल. बहुतेक वादक यातली एखादी जागा आपली मानून तिथेच स्थिर होतात. ब्रीम एकाच ओळीत हात हलवीत, जणू एकाच वाद्यातून सनई, सारंगी आणि संतूर क्रमाने बोलत आहेत. वाजवताना चेहरा इतका ताणला जाई की पाहणाऱ्याला काळजी वाटावी. जॅझचे पहिले प्रेम त्यांनी सोडले नाही. जॅंगो राइनहार्ट हे त्यांचे दैवत होते. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदासमोर गिटार घेऊन उत्स्फूर्त वादन करण्याचे धाडसही त्यांनी १९६०च्या दशकात केले. ठरलेली स्वरलिपी वाजवण्यात हयात गेलेल्या पाश्चात्त्य वादकासाठी ही गोष्ट सोपी नव्हती.

आणखी एका गोष्टीकडे व्यापारी घरांतील वाचकांचे लक्ष जाईल. वाद्याचा पुरवठा स्पेनमधून होत असे. इंग्लंडात उत्तम गिटार घडवणारे हात फार थोडे होते. ब्रीम यांनी विल्टशायरमधील सेमली येथील आपल्या घराजवळ कारागिरांना जागा दिली. आधी डेव्हिड रुबिओ तेथे काम करीत. १९७०मध्ये होसे रोमानिलोस आले. रोमानिलोस मूळचे माद्रिदचे, इंग्लंडात नोकरीसाठी आलेले, आणि गिटार घडवण्याची कला त्यांनी बहुतांशी स्वतःच आत्मसात केलेली. वादकाचे घर आणि कारागिराची कार्यशाळा इतकी जवळ असल्यामुळे पट्टीची जाडी, आतल्या पट्ट्यांची रचना, सुराचा तोल यांवर रोजची चर्चा होऊ शके. रोमानिलोस यांनी १९७३मध्ये घडवलेली गिटार ब्रीम यांनी अनेक वर्षे वाजवली आणि रोमानिलोस यांचे नाव जगातील अव्वल कारागिरांत घेतले जाऊ लागले. संगीत लिहवून घेतले, वाद्य घडवून घेतले, श्रोता तयार केला. मध्ये कोणती कडी सुटू दिली नाही.

ज्या विद्यालयाने गिटार दाराबाहेर ठेवायला लावली होती, त्याने १९६०च्या सुमारास गिटारीचा विभाग सुरू केला. पहिली जबाबदारी दिली ती तेथेच शिकलेल्या जॉन विल्यम्स या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या तरुणाकडे; गिटारीचे शिक्षण नसल्याने त्यालाही तेथे पियानोच शिकावा लागला होता. विल्यम्स आणि ब्रीम यांचे स्वभाव वेगळे : विल्यम्स यांचा हात निर्दोष, स्वच्छ, ब्रीम यांचा जोखीम घेणारा. बाजाराने त्यांना प्रतिस्पर्धी ठरवले असते. १९७०च्या दशकात दोघांनी मिळून युगुलवादनाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि त्यांतल्या पहिल्या ‘टुगेदर’ला ग्रॅमी मिळाला.

१९८४मध्ये मोटार अपघातात ब्रीम यांच्या उजव्या हाताला गंभीर दुखापत झाली. पन्नाशी उलटलेल्या वादकाने आपले तंत्र पुन्हा जुळवून घेणे म्हणजे काय, हे ज्यांनी एखादे वाद्य थोडेही वाजवले आहे त्यांना सांगायला नको. ते पुन्हा मंचावर आले आणि आणखी सुमारे दीड तप वाजवत राहिले. १९८५मध्ये त्यांना सीबीई हा किताब मिळाला. २००२मध्ये त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. घरी मात्र रोज वाजवीत. तरुण वादकांना साहाय्य आणि नव्या रचनांसाठी मोबदला देण्याकरिता त्यांनी आपल्या नावाचा न्यास स्थापन केला. वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावरही ते रचनाकारांकडे मागणी घेऊन जातच होते. हॅरिसन बर्टविसल यांच्यासारख्या ज्येष्ठाकडून या न्यासाने गिटारीसाठी रचना मिळवली. ती वाजवणारे हात आता दुसऱ्यांचे होते.

कारण २०११मध्ये फिरायला गेले असता एका कुत्र्याच्या धक्क्याने ते पडले, हाडे मोडली, डावा हातही दुखावला, आणि घरातले वादनही बंद झाले. दोन वर्षांनी एका मुलाखतीत त्यांनी सांगितले की वाजवता येत नाही याचे त्यांना फारसे दुःख नाही. खटकते ते एवढेच की सत्तराव्या वर्षी होते त्यापेक्षा आता ते अधिक चांगले संगीतकार झाले आहेत, आणि ते सिद्ध करून दाखवण्याचा काही मार्ग उरलेला नाही. १४ ऑगस्ट २०२० रोजी विल्टशायरमधील आपल्या घरी, ८७व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.